मामांची वरची मूठ

आधी माफी मागते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने, जिच्या घरी अजूनही अर्ज लिहायचा म्हटलं की सगळे गोळा होतात, तिने आपल्या वडीलधाऱ्या माणसावर लेख लिहावा हे मलाच आगाऊपणाचं वाटतं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण एक गोष्ट मी न घाबरता सांगते. ग्रॅमला माझ्या मामांइतका भिणारा माणूस उभ्या बुलढाणा जिल्ह्यात सापडणार नाही, आणि वजनात त्यांच्याइतका सैल हातही दुसऱ्या कुणाचा नाही. ही दोन्ही माणसं एकाच सदऱ्यात राहतात, म्हणूनच की काय, मामांना एका जागी बसवत नाही.

मामा अमडापूरला राहतात. मी त्यांच्याकडेच राहून एस.टी.ने चिखलीच्या कॉलेजात जाते. वीसेक वर्षं त्यांनी आठवडी बाजारात भाजी विकली. गुडघे बोलायला लागले तेव्हा बाजार सुटला आणि मामा-मामींनी घरच्या घरी वाळवणाचा धंदा धरला. बाजरीच्या खारोड्या, मुगवड्या, ज्वारीचे पापड. मी फोनवर फोटो टाकले, आणि नाशिक, हैदराबाद असं करत करत लांबलांबून मागण्या येऊ लागल्या. मामा त्याला 'लाइनीवरचा धंदा' म्हणतात. सुरुवातीला त्यांना वाटायचं, गिऱ्हाईक दिसत नाही तर त्याच्याशी बोलायचं कसं? मग त्यांनी बोलायची एक रीत काढली. ती पुढे सांगते.

धंद्यातली खरी अडचण मालाची नव्हती, पार्सलची होती. पाचशे ग्रॅमच्या वर एक ग्रॅम गेला की भाड्याचा पुढचा टप्पा लागतो, आणि दोन-तीन वर्षांत ते टप्पे असे चढले की लांबच्या गावी खारोड्यांपेक्षा त्यांचं भाडंच महाग पडू लागलं. पोस्ट म्हणा, कुरिअर म्हणा, सगळीकडे तेच. तेव्हापासून मामांनी ग्रॅमशी उभा दावा मांडला. ते रिकामी खोकी खारोड्यांच्या शेजारी उन्हात वाळत घालायचे. "पावसाळ्यात खोकंही पाणी पेते माय," ते मला समजावून सांगत, "त्या पाण्याचं भाडं आपन काऊन द्याचं?" चिकटपट्टी ते वितीने मोजून कापत. खोक्याची झाकणं आतून छाटत. एकदा तर इतकी छाटली की नाशिकच्या बाईंना खारोड्यांचा भुगा पोचला. त्यांनी फोन करून विचारलं, हे कसलं पीठ पाठवलंत? मामा जरासुद्धा न डगमगता म्हणाले, "बाजरीचंच हाये ताई, भाकर करून पाहा. मीठ टाकू नोका, आतच हाये." त्या बाई आजही मागवतात. भुगाच द्या म्हणतात.

जेवतानाही त्यांचं लक्ष काट्याकडे. घास हातात धरून उठायचे, पुडकं पुन्हा ठेवून पाहायचे, परत येऊन बसायचे. मामी म्हणायच्या, "या माणसाच्या पायाले भोवरा हाये. ताटात बसते का काट्यात बसते, समजत नाई."

आता ती दुसरी गोष्ट. एवढा जीव टाकून ग्रॅम वाचवायचे, आणि खोकं बंद करायच्या आधी मामांचा उजवा हात आपोआप डब्याकडे जायचा. वीस वर्षं भाजीवर कोथिंबीर टाकलेला हात तो. जे हाताला लागेल त्याची एक मूठ, कधी वाळलेली बोरं, कधी चिंच, कधी लसणाच्या कुड्या, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधून वर ठेवली जायची. हीच त्यांची गिऱ्हाइकाशी बोलायची रीत. मग पोस्टातल्या ताई काट्यावर खोकं ठेवून म्हणायच्या, "मामा, पाचशे बारा." मामा खिशातून कात्री काढत. पहिल्यांदा पट्टीच्या कडा कापायच्या, मग खोक्याचे कान. मागची रांग वैतागायची. एक जण एकदा म्हणाला, "मामा, ते पुडी काढून घ्या ना, झालं!" मामा वळून बघत राहिले. "तुले काल देलेला च्या मी आज परत मांगू काय बे?"

ताई हसल्या, तो माणूसही हसला, आणि मामांनी गुपचूप पुढच्या टप्प्याचं भाडं भरलं. असं रोजच चाललं होतं. नफा म्हणून काही उरेना. मामींनी पुढच्या बाजरीची वाट बघणं सोडून दिलं होतं, हे मला दिसत होतं. धंदा बंद पडायला आला होता.

इथे माझं शिक्षण आडवं आलं. कॉलेजात किंमत कशी ठरवतात ते आम्हाला शिकवलं होतं. मी वहीत मांडून मामांना दाखवलं की फक्त मूठ थांबवली तरी धंदा वाचतो. "मामा, मुठीचे कोणी पैसे देत नाही, आणि तिच्यामुळे भाडं दुप्पट होतं." मामा बराच वेळ अंगणात फिरत राहिले. आमच्याकडे भाचीचा शब्द मामा मोडत नाही, उलट तिच्या पाया पडतो. माझा शब्द मोडायची सोय त्यांना नव्हती, आणि हे मला तेव्हा माहीत होतं. ते एवढंच म्हणाले, "मंग पार्सल तूच भरत जाय माय. माह्या हातानं होनार नाई."

फाल्गुनात मी भरायला घेतलं. मामा हाताने लिहायचे ते पत्ते संगणकावर छापले, आत एक छापील चिठ्ठी टाकली. माझी पुडकी चारशे अठ्ठ्याण्णव भरायची. मला फार अभिमान वाटायचा. मामा मी भरत असताना ओसरीवर दोन्ही हात काखेत दाबून बसायचे, थंडी वाजल्यासारखे. उन्हाळ्यात.

धंदा सावरला. मामी पुन्हा बाजरी निवडायला बसल्या. पण एक मागणी थांबली. गुवाहाटीच्या ताईंची.

या ताई आमचं सगळ्यात लांबचं आणि सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. माहेर सुलतानपूरचं, नवऱ्याच्या नोकरीपायी तिकडे गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. दर महिन्याला न चुकता खारोड्या मागवायच्या. मामांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या गावावरून एस.टी. गेली की म्हणायचे, "आपल्या ताईचं माहेर." चैत्र गेला, वैशाख गेला, त्यांची मागणी आली नाही. मामा दिवसातून चार वेळा मला विचारायचे, "पाह्य बरं, फोन बिघडला तं नाई?" पोस्टात जाऊन विचारून यायचे, गुवाहाटीची गाडी बंद पडली काय. भाडं वाढलं म्हणून त्यांना परवडत नसेल, असं मी म्हटलं. मामांनी मान हलवली. "त्यायले राग आला. मूठ बंद केली ना आपन."

"मी फोन लावू का?"

"नोको. काऊन मांगवत नाई म्हनून गिऱ्हाइकाले इचारनं म्हनजे भीक मांगनं हाये."

ज्येष्ठ गेला. मामा रात्री जेवायला बसेनात, सकाळी चहा अर्धा टाकून फाटकाशी जायचे. काटा मात्र आता पाहत नव्हते. मला वाटत होतं, मी धंदा वाचवला. पण ओसरीवर हात काखेत घालून बसलेल्या त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

आषाढात पत्र आलं. फोन नाही, पत्र. वर मामींचं नाव. मामींना वाचायला चष्मा सापडेना, म्हणून मी ओसरीवर उभी राहून मोठ्याने वाचू लागले.

"सौ." असं लिहून खोडलं होतं. खाली होतं: "ताईस नमस्कार. पत्र लिहायला उशीर झाला, धीर होत नव्हता. फोनवर असलं विचारवत नाही. मागच्या पार्सलात बोरांची पुडी नव्हती. पत्त्यावर मामांचं अक्षर नव्हतं. आत छापलेली चिठ्ठी होती. खोकं उघडलं तेव्हाच समजले आणि तशीच बसून राहिले. दुःखाच्या घरी पहिलं वर्ष वाळवण घालत नाहीत, म्हणून मी मागवलं नाही, गैरसमज नसावा. माहेरचं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांना कधी पाहिलं नाही, पण हात ओळखीचा होता."

मामी आधी हसल्या, मग त्यांनी पदराने तोंड झाकलं आणि कपाळावरच्या कुंकवाला हात लावून पाहिला. मामा मात्र हलले नाहीत. मी त्यांना इतकं निश्चल बसलेलं कधीच पाहिलं नव्हतं. मग त्यांनी हळूच काखेतून हात बाहेर काढले, मांडीवर उघडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत विचारलं,

"कधी गेलो म्हन्ते मी?"

पत्रात तारीख नव्हती. मला मात्र ती माहीत होती. फाल्गुनातली, मी पहिलं पार्सल भरलं त्या दिवसाची.