शाहपुऱ्याला उतरणाऱ्या मॅडम

आमच्या विद्यापीठात शेवटचं सत्र वर्गात बसून नाही, तर कंपनीत काम करून पूर्ण करायचं असतं. पहिल्या दिवशी मी नेहरू नगरहून बस पकडली. शेजारी पन्नाशीच्या एक बाई होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आमच्या या हिंदी बोलणाऱ्या शहरात त्या फोनवर चक्क मराठीत बोलत होत्या. त्यांनी कंडक्टरला शाहपुऱ्यातल्या माझ्याच ऑफिसपाशी उतरवायला सांगितलं, तेव्हा मी ठरवून टाकलं की या आपल्या मोठ्या साहेब.

"मॅडम, खिडकीशी बसा ना," म्हणत मी उठलोच. मग वाटभर स्वतःचं इतकं कौतुक ऐकवलं, की माझ्या आईलाही ते नवीन वाटलं असतं. त्या पदर सारखा करत नुसती मान हलवत होत्या.

ऑफिसच्या फाटकाशी त्या थबकल्या. "अरे बेटा, मीसुद्धा ट्रेनीच आहे. मुलीचं लग्न झालं आणि मी कॉलेजात नाव घातलं. भीतीनं अर्ध्या वाटेतून परतणार होते. पण तू मॅडम म्हणालास ना, मग परत कशी जाऊ?"

त्या ताठ मानेनं आत निघाल्या. रखवालदारानं त्यांना सलाम ठोकला आणि मला अडवलं. "भैया, किससे मिलना है?"

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "उन्हीं के साथ हूँ."