कौसल्येचा खोकला

राजूरच्या हायस्कुलातला पुंजाराम शिपाई कानानं शिकलेला माणूस होता. घंटा देणं, माठ भरणं, फळे पुसायला ओली फडकी पुरवणं आणि सूचनेची वही वर्गावर्गात फिरवणं ही त्याची कामं. पण पंधरा वर्षं व्हरांड्यातल्या स्टुलावर बसून त्यानं जे ऐकलं, ते शाळेतल्या कुठल्या हुशार पोरानंही ऐकलं नसेल. पोरं दहावीला एकदा बसतात, फार तर दोनदा. पुंजाराम पंधरा वेळा बसला होता, फक्त भिंतीच्या अलीकडे.

कोणत्या वर्गात काय चाललंय ते त्याला डोळे मिटून सांगता येई. चाल ऐकू आली की मराठीची कविता. टेबलावर छडी आपटली की इतिहास, कारण प्रत्येक सनावळीला छडी ठरलेली. साठ पोरं एका सुरात एकेक अक्षर सोडू लागली की इंग्रजीचं स्पेलिंग. भूगोलात नुसती नावं, लग्नाच्या याद्या वाचाव्यात तशी. सगळे विषय त्याच्या ओळखीचे होते. एका गणिताशी मात्र त्याचं जमत नसे. त्या तासाला खडूची टकटक तेवढी व्हायची आणि मग लांबलचक शांतता. वर्ग गप्प असला म्हणजे एक तर मास्तर आलेले नाहीत, नाही तर आले आणि निजले, असा पुंजारामचा अनुभव होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

हे सगळं कानावर का, तर त्याला वाचता येत नव्हतं. पोरवयात तो गावची गुरं राखत होता. लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी शिक्षण विचारलं तेव्हा त्यानं 'चौथी पास' असं ठोकून दिलं आणि ते त्याच्या गळ्यात कायमचं पडलं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर वस्तीत जो तो पोरांना शाळेत घालायला लागला होता, आपण अडाणी आहोत हे सांगायची लाज वाटायचे दिवस आले होते. कुणी कागद पुढं केलाच, तर तो म्हणे, "आमचं समदं निजामाच्या राज्यात झालं, उर्दूतून. मराठी वाचायला जरा टाइम लागतो." एकदा सायकलवाला बदरोद्दीन बहिणीचं उर्दू पत्र घेऊन त्याच्याकडंच आला. पुंजाराम म्हणाला, "चष्मा घरी राह्यला." चष्मा त्याला कधीच नव्हता. बदरोद्दीन बरं म्हणून गेला आणि पुन्हा कधी पत्र घेऊन आला नाही. का आला नाही, हा विचार पुंजारामनं केला नाही. अशा विचारांच्या वाटेला तो जातच नसे.

त्याची मुलगी कौसल्या दहावीला होती. वस्तीतली दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच मुलगी. पास झाली की जालन्याला मास्तरणीच्या कॉलेजात घालायचं, हे पुंजारामनं ठरवलं होतं आणि अर्ध्या राजूरला सांगून ठेवलं होतं. तिच्या मामानं केदारखेड्याचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मामाचं म्हणणं सरळ होतं. पास झाली तर शिकवा, नापास झाली तर उरकून टाका.

रोज दिवेलागणीला पुंजाराम तिचा अभ्यास घ्यायला बसे. ती समोर, आणि पुस्तक ह्याच्या मांडीवर उघडं. ती घडाघडा म्हणे, हा ओळींवरून बोट फिरवी, मधूनच मान डोलावून "हं, पुढं" म्हणे आणि पान उलटी. येणारेजाणारे दारातून बघत. शिपाई असून पोरीचा अभ्यास घेतो, म्हणत. त्याला ते ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणत, आणि त्याला ते फार गोड लागे.

एकच काळजी होती. पोरीला बारीक खोकला होता. शाळेत नाही, शेतात नाही, पण अभ्यासाला बसली की घसा धरलाच. फार नाही, मधूनच एकदा खॉक करायची आणि पुढं म्हणायची. पुंजाराम चिडायचा. "परीक्षेत खोकशील तर पेपर कसा लिव्हशील?" जुन्या जालन्याच्या बाजारातून त्यानं ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. कौसल्या त्या मुकाट्यानं चघळायची.

परीक्षेला महिना उरला असेल. पुंजाराम घरी आला तर कौसल्या गप्प बसलेली. पुढं शाळेतले एका बाजूनं कोरे असलेले जुने कागद होते. त्यानंच हेडमास्तरांना विचारून ते आणून दिले होते. ती पेन्सिलनं लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती.

"कौसे, आवाज काहून येईना?"

"गणित करून राह्यले, आबा."

"मंग म्हण की मोठ्यानं."

"गणित म्हणायचं नस्तं. हातानं करावं लागतं."

तो समोर बसला. मांडीवर पुस्तक नव्हतं. काय करावं कळेना. इतिहासात तो होता, भूगोलात होता, कवितेत तर पुढचा शब्द तिच्या आधी त्याच्या ओठावर यायचा. या गणितात मात्र त्याला बसायलाच जागा नव्हती. दारातून कुणी डोकावलं असतं तर त्यांना काय दिसलं असतं? पोरगी आपली आपण अभ्यास करतेय आणि बाप रिकामा बसलाय. खरी आग इथं लागली होती. पुंजारामला मात्र वाटलं, आपल्याला शिस्तीचा राग आलाय.

"पंधरा साल झाले मला शाळंत," तो ओरडला. "गप्प वर्गात काय चालतं ते मला बराबर म्हाईत हाये. कागदं चितारती अन् मला शिकवती!"

त्यानं कागदांचा गठ्ठा उचलला आणि न्हाणीच्या चुलीत कोंबला. पाणी तापत होतंच. केशरबाई, त्याची बायको, भाकरी थापता थापता थांबली. कौसल्येनं कागद जळेपर्यंत तिकडं बघितलं. मग उठली, गणिताचं पुस्तक काढलं, पान काढून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणायला लागली.

"वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. दहा वर्षांनी ते तिच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा. मुलीचे वय क्ष मानू..."

पुंजारामचा जीव भांड्यात पडला. हे तर किती छान होतं! त्यातला क्ष तर त्याला फार आवडला. असं भारदस्त नाव कुण्या मुलीचं असेल, असं त्याला खरंच वाटलं. कौसल्या शेवटाला आली, "मुलीचे वय दहा वर्षे, वडिलांचे वय तीस वर्षे," आणि खोकली. पुंजारामनं पान उलटलं. परीक्षेपर्यंत गणित असंच चाललं. पुस्तकातली सगळी गणितं उत्तरांसकट तिला पाठ झाली. तिला काय, त्यालाही झाली.

जूनमध्ये गुणपत्रिका आल्या. पोस्टातून गठ्ठा आणला तो पुंजारामनंच, छातीशी धरून. क्लार्कनं तो सोडला, बोट फिरवलं आणि हळूच म्हणाला, "पुंजारामभाऊ, बाकी समदं पास. गणितात गेली."

पुंजारामला आधी ते खरंच वाटेना. मग तो तडक मास्तरांच्या खोलीत शिरला. एरवी चहाचे कप घेऊन शिरायचा, आज रिकाम्या हातानं. गणिताचे तातेराव सर खुर्चीत होते, आणखी चार-पाच मास्तर होते.

"सर, पोरीला समदं पाठ हाये. पेपर तपासण्यातच काही तरी घोळ हाये," तो म्हणाला, आणि तिथंच उभ्या उभ्या, हात मागं बांधून, त्यानं वडील-मुलीचं गणित क्ष मानूपासून तीस वर्षांपर्यंत घडाघडा म्हणून दाखवलं.

कुणी तरी फिसकन हसलं. तातेराव सर हसले नाहीत.

"पुंजाराम, पेपरात तिप्पट नव्हतं, चौपट होतं. वीस वर्षांनी दुप्पट. आता सांगा उत्तर."

पुंजारामनं तोंड उघडलं. "मुलीचे वय दहा... वडिलांचे... तीस."

"दहाची चौपट तीस होते का?"

मग मात्र खोलीभर हशा पिकला. पुंजारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हसू ओसरल्यावर सर म्हणाले, "गणित पाठ करून येत नाही हो. हात फिरावा लागतो. घरी कागदावर करत होती का ती? पेपर झाल्यावर मी तिला विचारलं होतं. म्हणाली, मीच कंटाळा केला, सर, सोडवलीच नाहीत गणितं."

आता बोलायला पाहिजे होतं. कागद मी जाळले, एवढे तीन शब्द होते. मास्तर सगळे त्याच्याकडं बघत होते. पुंजाराम म्हणाला, "घंटेचा टाइम झाला," आणि बाहेर येऊन त्यानं घंटा दिली. घंटा पाच मिनिटं लवकर झाली, आणि पंधरा वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

पोर आपल्यासाठी खोटं बोलली आणि आपण ते खोटं पदरात घेऊन गुपचूप निघून आलो, हे त्याच्या मनातून जाईना. मामा आला तेव्हा त्यानं कशीबशी ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली. शाळेतून कागदांचा नवा गठ्ठा आणला आणि काही न बोलता तिच्याजवळ ठेवून दिला. कौसल्या रोज संध्याकाळी गप्प बसून गणितं करायला लागली. पुंजाराम बाहेर ओट्यावर बसायचा. जाणारे येणारे विचारायचे, "काय, अभ्यास बंद का? आवाज येत न्हाई पोरीचा." तो विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "चालू हाये, चालू हाये."

दोन महिने असे गेले. एकदा केशरबाई ओट्यावर ज्वारी निवडत होती. काही तरी चांगलं बोलावं म्हणून पुंजाराम म्हणाला, "कौसीचा खोकला पार गेला बघ. ज्येष्ठमध लागू पडला."

केशरबाईनं सुपातून डोकं वर केलं नाही. "कोन्चा खोकला?"

"अगं, अभ्यासाला बसली की..."

"तिला कवाच खोकला नव्हता. पान संपलं की खोकायची, तुम्ही उलटावं म्हनून. सातवीत होती तवा तुम्ही दोन पानं येकदम उलटली अन् तसेच मान हालवत राह्यले. तवापासून." ती खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "मला म्हन्ली, आबाला बोलू नको. आबाला वाईट वाटंल."

पुंजारामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं! इतिहासाचं प्रत्येक पान, भूगोलाचं प्रत्येक पान. आपण दारातल्या लोकांकडं तिरप्या डोळ्यानं बघत मान डोलावत होतो, आणि समोर बसलेली पोर, तेरा वर्षांची, पाठही म्हणत होती आणि बापाची लाजही राखत होती. वर आपण तिला खोकते म्हणून रागावत होतो. त्या कडवट-गोड काड्या चघळताना ती एकदाही हसली नव्हती. त्याला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या आधी तो मास्तरांच्या खोलीत गेला. त्या दिवशी हसलेले सगळे होते. ते असतानाच त्यानं सांगितलं, "सर, कागद मी जाळले. पोरगी गणितं करत होती, मी करू दिली न्हाई. मला वाचता येत न्हाई, म्हनून मला ते बघवलं न्हाई."

खोलीत कुणी हसलं नाही, हे त्याला हसण्यापेक्षा जड गेलं. तातेराव सरांनी विचारलं, "हे तिला सांगितलं का?"

"न्हाई."

"मग आधी तिला सांगायचं होतं."

संध्याकाळी तो घरी आला. ओट्यावर न बसता आत गेला. कौसल्येनं वर बघितलं. इतके दिवस बाप बाहेर बसतोय याचं तिलाही वाईट वाटत असावं. तिनं कागद बाजूला सारले, भूमितीचं पुस्तक काढलं आणि पान काढून त्याच्या हातात दिलं.

"आबा, प्रमेयं तेवढी म्हणून बघते. बघता का?"

ती म्हणायला लागली. पुंजारामनं सवयीनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि मग काढून घेतलं. एक प्रमेय झालं, दुसरं अर्धं झालं. कौसल्या बारीक खोकली.

त्याचा हात हलला नाही. ती थांबली आणि पुन्हा एकदा खोकली, जरा मोठ्यानं.

"खोकू नको, माय," पुंजाराम म्हणाला. "मला वाचता येत न्हाई."

कौसल्येच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"म्हाईत हाये, आबा," ती म्हणाली. "पान उलटा."

त्यानं पान उलटलं. दोन पानं एकदम आली. कौसल्येनं हात पुढं करून त्यातलं एक परत लावलं आणि पुढं म्हणायला लागली.