एका बाजूच्या पट्टीला दोन रंग

वेरूळ तासाभरावर आहे, एवढ्या भांडवलावर आमच्या शहरातला प्रत्येक माणूस शिल्पकलेचा जाणकार असतो. पुंडलिकनगरातल्या आमच्या कॉलनीच्या बागेत माझं शिल्प बसवायचं ठरलं, तेव्हा सुशोभीकरण समितीतले सगळे असेच जाणकार निघाले. "तिकडं अख्खा डोंगर कोरलाय मॅडम, अन् तुम्ही पत्रा वाकवायलात," हे मी प्रत्येक चहाबरोबर ऐकलं. असं म्हणणारे स्वतः वेरूळला शाळेच्या सहलीनंतर फिरकले नव्हते.

वडील समितीत नव्हते, पण त्यांच्याही मते मी पत्राच वाकवते. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की "फॅब्रिकेशनमध्ये आहे" म्हणून विषय संपवायचे. माझ्या एकाही प्रदर्शनाला ते आले नाहीत. म्हणून या वेळी मी मुद्दाम त्यांच्याच विषयात हात घातला. वर्गात ते जुन्या कॅलेंडरची एक पट्टी कापत, तिला अर्धा पीळ देत आणि टोकं चिकटवत. मग तिच्यावरून बोट फिरवायला सांगत. बोट न उचलता सगळी पट्टी फिरून व्हायची, कारण तिला एकच बाजू उरते. आत आणि बाहेर असं काही नसतंच. तीच पट्टी मी लोखंडात केली, माणसापेक्षा उंच, सगळी करड्या रंगाची. ती बघून त्यांनी एकदा 'बरोबर आहे' म्हणावं, एवढंच मला हवं होतं. शाबासकी त्यांच्याकडून कुणालाच मिळालेली नाही.

उद्घाटनाच्या सकाळी पोचले तर शिल्पाला शहागंजच्या बाजारातून आणलेला ऑइलपेंट फासलेला.

"एकच रंग लई उदास वाटायला होता," समितीचे अध्यक्ष म्हणाले. "म्हणून बाहेरून हिरवा मारला, आतून पांढरा. झकास दिसायलंय का नाय?"

जिथं आत-बाहेर नाही, तिथं या विद्वानांनी ते रंगवून दाखवलं होतं. अर्थात कुठंतरी हिरवा आणि पांढरा एकमेकांना धडकणारच. ती जागा मी शोधली. तिथं समितीच्या आणि पाहुण्यांच्या नावांची पितळी पाटी ठोकली होती, आणि पाटीच्या मागच्या अंगाला झेंडूच्या माळा. म्हणजे काहीतरी चुकलंय हे त्यांना कळलं होतं, आणि आपल्याकडे चुकलेल्या कामावर पाटी लावायची पद्धतच आहे.

तेवढ्यात वडील आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, तेही न बोलावता. त्यांनी शिल्पाभोवती एक फेरी मारली आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "दोन रंग? एवढंही कळलं नाही तुला?"

मला रडू आलं, आणि रडू आलं याचा त्याहून जास्त राग आला. "मी नाही दिले," मी म्हणाले. "यांनी दिले."

वडील अध्यक्षांकडे वळले. अध्यक्ष त्यांचाच जुना विद्यार्थी.

"ये इकडं. हिरव्यावर बोट ठेव. उचलू नको. चल."

फेटा सावरत, टाचा उंचावत तो माणूस निघाला आणि पाटीपाशी अडला.

"हिच्या खाली काय आहे?"

"सर, पाहुण्यांची नावं हायेत..."

"वर नाही. खाली."

"पांढरा, सर."

"मग बाहेर कुठलं आणि आत कुठलं?"

अध्यक्षांनी बोट पाटीवरून काढून घेतलं. प्रमुख पाहुण्यांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. वडील मला काही न बोलता घरी निघून गेले आणि जेवून झोपले. मी चिडून संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात भाजी घेऊन येताना बागेवरून आले. वडील शिल्पासमोरच्या बाकावर बसले होते. एक जोडपं फोटो काढत होतं. कुणी काही विचारलं नव्हतं, तरी वडील उठून त्यांच्याजवळ गेले.

"शिल्प माझ्या मुलीचं आहे," ते म्हणाले. "शिल्पकार आहे ती. आकार बरोबर आहे. रंग तिचा नाही."

ते आता रोज संध्याकाळी तिथं बसतात आणि येईल त्याला हे सांगतात. समिती ओशाळून रंग बदलून देऊ म्हणतेय. मी म्हटलं, काही घाई नाही.