गाऱ्हाण्यापुरतं ऊन

माझ्या नवऱ्याला रविवार म्हणजे चिखल. सुर्ल्याच्या खाणीवर वर्कशॉपमध्ये होता तेव्हा आठवडाभर खाणीच्या गाड्या दुरुस्त करायचा आणि रविवारी स्वतःची जुनी जीप घेऊन, असल्याच नादाच्या मित्रांबरोबर कुठल्यातरी डोंगरात शिरायचा. गाडी मुद्दाम रुतवायची, मग दोर लावून बाहेर ओढायची आणि संध्याकाळी नखशिखांत लाल होऊन घरी यायचं, याला ही माणसं विश्रांती म्हणतात. पुढे खाण बंद पडली. आता तो घरीच पंप आणि मोटारी दुरुस्त करतो, पण जीप काही गेली नाही. मी तिला सवत म्हणते. तो हसतो आणि तिच्यासाठी नवीन काहीतरी आणतो.

त्या जीपच्या टपावर त्याने सोलर पॅनेल बसवले ते मात्र चिखलासाठी नाही, माझ्या बाबांसाठी.

बाबा मूळचे पेडण्यातल्या इब्रामपूरचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी खनिजाचे ट्रक चालवले. त्या धुळीने म्हणा, विड्यांनी म्हणा, छाती कामातून गेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं यंत्र दिलं. ते भिंतीतल्या प्लगला लावायचं, खोलीतल्याच हवेतून ते ऑक्सिजन काढतं आणि नळीने नाकात सोडतं. आई आधीच गेली होती आणि मी त्यांची एकुलती एक, म्हणून मी त्यांना सुर्ल्याला आमच्या घरी आणलं. तेव्हापासून नळी पोचेल तेवढंच त्यांचं जग. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून बाल्कांवातल्या, म्हणजे पुढच्या ओसरीतल्या, खुर्चीपर्यंत. यंत्र बंद असलं तरी गप्प बसून थोडा वेळ निभायचं. चार वाक्यं बोलले की दम लागायचा.

इब्रामपूरला आमची काजूची बाग आहे, डोंगरावर. आमच्याकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागा त्याची, आपण फक्त कसणारे. वर्षातून एकदा त्याची राखण द्यायची, आमच्या घरात ती दसऱ्यानंतरच्या रविवारी देतात: नारळ, विडा, तांदळाचा जाड रोट, फेणी. आणि घरच्या कर्त्याने त्या जागेवर उभं राहून खड्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं. काय हवं, काय चुकलं, सगळं राखणदाराला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं मध्ये सोडायचं नसतं. अर्धं सोडणं म्हणजे पाहुण्याला हाक मारून तोंडावर दार लावणं, असं बाबा म्हणत.

बाबा आजारी पडल्यापासून हे काम माझा चुलतभाऊ करत होता. गावातच राहतो, बाग तोच बघतो, माणूस सरळ. यंदा गणपती आटोपले आणि बाबांनी जाहीर केलं, "औंदा गाऱ्हाणा मी घालतलंय."

"दादा घालतो की. छान घालतो," मी म्हटलं.

"तो घालता ता तेच्या तोंडाचा. माका माझ्या तोंडान घालूचा आसा."

"पण कशासाठी?"

"आसा काय तरी."

मी शाळेत बाई आहे. वर्ग गप्प करायला मला एक नजर पुरते, पण बाबांपुढे ती नजर कधी चालली नाही. मी खूप बडबडले. तिथे वीज नाही, रस्ता नाही, दोन वाक्यांत तुमचा भाता होतो, कशाला हा हट्ट? सिलिंडर नेऊ म्हटलं तर त्यांनी हातच जोडले. सिलिंडर लावून गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती आणि त्यातलं एकही परत आलं नव्हतं. नवरा समोर बसून उंडा पाव चहात बुडवून खात होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर स्वारी जीपच्या टपावर, हातात टेप.

मी म्हटलं, जीपचं इंजिन चालू ठेवून यंत्र चालवता येईल की. तो म्हणाला, "आणि तो डिझेलचा धूर? ज्या माणसाला श्वास हवा त्याच्याच शेजारी?"

पुढचे दिवस आमच्या अंगणात नुसती ठोकाठोक. त्याने टपाच्या मापाची लोखंडी चौकट जोडली. खाचखळग्यांत काच तडकू नये म्हणून चौकट आणि पॅनेल यांच्यामध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घातले. मागची सीट काढून तिथे वेगळी बॅटरी पट्ट्यांनी आवळून बसवली. गाडीच्या मूळ बॅटरीशी तिचा काही संबंध ठेवला नाही, नाहीतर यंत्र चालेल आणि परत यायला गाडी सुरू होणार नाही. बॅटरीला लागून इन्व्हर्टर, आणि ऊन किती येतंय, बॅटरीत किती उरलंय ते दाखवणारा मीटर. प्रत्येक वायर रबरात गुंडाळलेली. बाबा बाल्कांवातून हुकूम सोडत होते. "थंय नट डबल कर. डोंगरार गाडी नाचता." त्याने खरोखर नट डबल केला. सासरा आहे म्हणून नव्हे, सांगणाऱ्याने जन्मभर ट्रक चालवले म्हणून. मला त्याची ही गोष्ट फार आवडते. ज्याचं जे, ते तो त्याला देऊन टाकतो.

बाबांच्या यंत्रावर प्रयोग करायला तो तयार नव्हता. त्याने माझा मिक्सर मागितला. राखणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, आम्ही दोघं जीप घेऊन सड्यावर गेलो, उघड्या कातळावर, चिटपाखरू नाही, आणि तिथे मी भरउन्हात ओल्या खोबऱ्याचं वाटण वाटलं. तो मीटरसमोर उकिडवा बसून दर थोड्या वेळाने "अजून वाट" म्हणत होता. वाटण इतकं बारीक झालं की तसं पुन्हा कधी झालं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला पहिल्यांदाच त्याच्या डोंगरात नेलं होतं आणि तेही वाटण वाटायला. पण खरं सांगते, मी खूष होते.

राखणीच्या दिवशी सकाळी बाबांनी दाढी केली, धोतर नेसले. नवऱ्याने जीप धुतली. दसऱ्याला गाडीची पूजा झाली होती, पण पॅनेल त्यानंतर चढले होते. न पुजलेलं नवीन यंत्र कामाला लावायचं हे त्याच्या मनाला पटेना. खाणीवर पाना जरी नवीन आला तरी कुंकू लागायचं, तिथला माणूस हा. त्याने डिचोलीच्या बाजारातून झेंडूची जाड माळ आणली, पॅनेलला हळदकुंकू लावलं, माळ या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन्ही पॅनेलवरून आडवी ओढून तारेने पक्की बांधली आणि चाकाखाली लिंबू ठेवलं. बाबांनी समाधानाने मान हलवली. निघालो.

रस्ता संपला तिथे घरची मंडळी वाट बघत होती, दादा, वहिनी, शेजारचे दोन म्हातारे. तिथून वर चढाव, आणि त्या चढावावर मला सवतीची किंमत कळली. नवऱ्याने चारही चाकं कामाला लावली आणि एकेक दगड विचारून घेतल्यासारखी गाडी वर नेली. बाबांच्या नाकातली नळी हललीसुद्धा नाही. यंत्र घुरघुरत होतं. बाबा काजूची झाडं बघत होते आणि कुठलं झाड कोणी लावलं ते न बोलता बोटाने मला दाखवत होते.

वर पोचल्यावर सगळे सावलीत शिरले, नवऱ्याने मात्र जीप मुद्दाम उघड्यावर उभी केली, जिथे डोंगराचं सगळं ऊन टपावर पडेल. नळीला लांब जोड दिला. राखणदाराच्या दगडासमोर बाबांची खुर्ची ठेवली. रोट, विडा, फेणी मांडून झाली आणि बाबांनी हात जोडले.

"बा राखणदारा, ह्या जाग्याच्या धन्या, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"आज तुझा लेकरू तुझ्या म्होरं इला हा. उबा रवाक जमना, बसान बोलता, ता मनार घेव नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

तो आवाज मी विसरलेच होते. घरी ते पाणी मागायचे तेही खुणेने. इथे त्यांचा आवाज खाली वाहणाऱ्या व्हाळापर्यंत जात होता. प्रत्येक वाक्यानंतर ते थांबत, आमच्या 'व्हय म्हाराजा'च्या आड श्वास भरून घेत, पुन्हा पुढचं वाक्य उचलत. झाडांचं झालं, गुराढोरांचं झालं, चुकलेल्या वर्षांची माफी झाली. आणि जीपमधून टीं टीं असा आवाज सुरू झाला.

नवरा धावला. मी यंत्राकडे बघेपर्यंत त्याची घुरघुर थांबलीसुद्धा. बाबांनी पुढचं वाक्य सुरू केलं होतं, ते मध्येच तुटलं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती. "बाबा, पुरे झालं, देवाला पोचलं," मी म्हटलं. त्यांनी मान जोरात हलवली. हात अजून जोडलेलेच होते. दादा पुढे सरकला आणि हळूच म्हणाला, "काका, उरला ता मी घालू?" त्यांनी त्यालाही नाही म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दम लागल्याचं नव्हतं.

तिकडे नवरा मीटरवर टकटक करत होता. भरदुपारचं ऊन आणि पॅनेलमधून जवळजवळ काहीच येत नव्हतं. त्याने वायरी चाचपल्या, नट चाचपले. मग टपाकडे नजर गेली आणि तो तसाच उभा राहिला. पॅनेलमधले काळे चौकोन एकापाठोपाठ एक साखळीने जोडलेले असतात, थोड्यांवर सावली पडली की सगळी साखळी अडते. हे मला त्यानेच शिकवलं होतं. पॅनेलवर पान पडलेलं राहू नये म्हणून रोज फडकं मारणारा हा माणूस, आणि त्यानेच हाताएवढी जाड माळ वर बांधली होती. फुलांची सावली त्याने सावलीत धरलीच नव्हती. सकाळपासून बॅटरी एकटीच यंत्र ओढत आली होती.

दुसरा कोणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. तो टपावर चढला, तारेने बोटं कापली तरी माळ ओढून काढली आणि फेकली नाही, खाली उतरून राखणदाराच्या दगडाला घातली. "माझी चूक, म्हाराजा," एवढंच म्हणाला. हळदकुंकू शर्टाच्या बाहीने पुसलं. मग मीटरसमोर बसला. बॅटरीत पुरेसं जमल्याशिवाय इन्व्हर्टर उठणार नव्हता. वाट बघण्याशिवाय काही करण्यासारखं नव्हतं. कोणी सावलीत गेलं नाही. बाबा डोळे मिटून, हात जोडून बसले होते. अर्धं गाऱ्हाणं तोंडात धरून.

यंत्र घुरघुरलं तेव्हा वहिनी रडली. बाबांनी बराच वेळ नुसता श्वास घेतला. मग डोळे उघडले.

"आयक, म्हाराजा. माझो आवाज आता सरलो. फुडच्या वर्साक तो तुका आयकाक येवचो नाय."

'व्हय' म्हणायला कोणाची जीभ उचलेना.

"फुडच्या वर्साक ह्या माझ्या चेडवाचो आवाज येतलो. चेडू म्हणान मागे सारू नको. तो माझोच समज, म्हाराजा."

तेव्हा मला कळलं ते कशासाठी आले होते. लेकीसाठीचं हे मागणं दुसऱ्या कोणाच्या तोंडून सांगता येणारं नव्हतं. आमच्या जागेवर आजवर एकाही बाईने गाऱ्हाणं घातलेलं नाही. मग जीपपाशी बसलेला माझा नवरा मोठ्याने म्हणाला, "व्हय म्हाराजा." दादाने माझ्याकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि हात जोडून तोही म्हणाला. मग म्हातारे, मग वहिनी.

मीही डोळे पुसून तोंड उघडलं. बाबांनी माझा हात धरला.

"तू म्हणू नको," ते म्हणाले. "व्हय म्हणतले ते हे. तू आता गाऱ्हाणा घालणाऱ्यातली."