वेलिंग्टनचे गोल बाल्कन्यांचे फ्लॅट आणि आई

२०१७च्या ईस्टरला ऑफिसातले सगळे टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घेऊन बीचवर पळाले, आणि आम्ही निघालो जुन्या इमारती बघायला. कारण आई. हिंदू कॉलनीतली तिची इमारत रिडेव्हलपमेंटमध्ये पाडली, तेव्हा ती आमच्याकडे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात आली. घराबद्दल चकार शब्द काढेना. "नवा ब्लॉक विकू. अर्धं वर्ष तुझ्याकडे, अर्धं नाशिकला दादाकडे," एवढंच म्हणाली होती. मला ते हवंच होतं, पण तिचं गप्प राहणं बघवत नव्हतं. वेलिंग्टनला दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले फ्लॅट्स आहेत, अगदी दादर-माटुंग्यासारखे, असं कळलं आणि गाडी काढली.

रस्ता सोपा, पण दिवसभराचा. डेझर्ट रोडचा ओसाड पट्टा लागण्याआधी तुरांगी गावात पेट्रोल भरून घ्या. गुड फ्रायडेला बरंच काही बंद असतं, म्हणून आम्ही मेथीचे ठेपले आणि दही घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माउंट व्हिक्टोरियाच्या चढावर पायीच फिरलो. तिथे पार्किंग शोधत बसू नका. लाकडी घरांच्या मधेच एक पांढरी तीनमजली इमारत दिसली. कोपऱ्यावर गोल वळलेल्या बाल्कन्या, जिन्याला जहाजातल्यासारखी वाटोळी खिडकी. आई फुटपाथवर थबकली.

"किया ओरा! हरवलात का?" पहिल्या मजल्यावरून एका आजींनी माओरीत नमस्कार करून विचारलं. त्या मार्गारेट. आई मुंबईत अशाच घरात राहायची, असं सांगितल्यावर त्यांनी थेट चहालाच बोलावलं.

आईने आत जाताच गोल भिंतीवर तळवा ठेवला. मार्गारेट सांगत होत्या, भूकंपानंतर काही जणांना इमारत पाडायची होती, पण त्या अडून बसल्या. "तुमची का पाडली?"

माझी नऊ वर्षांची मुलगी इरा दुभाषी झाली. आई म्हणाली, "मीही अडून बसले होते गं. पण लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या नेनेकाकू गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं खाली उतरल्या नव्हत्या. शेवटी मी हो म्हटलं. आणि मग मलाच बघवेना."

इराने ते इंग्रजीत सांगितलं. मार्गारेटनी आईचा हात हातात घेतला, आणि आई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली.

परतीच्या वाटेवर ती बोलतच राहिली: मोझेकची फरशी, बाल्कनीतलं वाळवण, बाबांची आरामखुर्ची. मागून इराचे प्रश्न, "देन व्हॉट, आजी?"

घरी आल्यावर दोन दिवसांनी आई म्हणाली, "ब्लॉक विकायचा नाही. नेनेकाकू लिफ्टने खाली येतील तेव्हा मी तिथे हवी."

मी बरं म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं.

आता ती हिंदू कॉलनीतल्या नव्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहते. इथे ऑकलंडमध्ये माउंट ईडनला एखादी गोल बाल्कनी दिसली की मी तिला फोटो पाठवते. तिचं लगेच उत्तर येतं, "रेलिंग गंजलंय. रंगवायला सांग त्यांना."