साळव्यांचा उपास

योहानचे डोळे फिरले तेव्हा रक्ताची पिशवी अर्धीसुद्धा भरली नव्हती. मी सुई काढली, त्याचे पाय उशीवर उचलून ठेवले आणि सिस्टरला हाक मारली. पठ्ठ्या चांगला सहा फुटी, शिवडीच्या गोदामात पोती उचलणारा. असे लोक रक्त देऊन वर चहा-बिस्किटं दोनदा मागतात. हा पांढराफटक पडला होता.

"खाऊन आलायस ना रे?" मी विचारलं. सुई टोचण्याआधीही विचारलं होतं, तेव्हा "सगळं ओके, मॅडम" म्हणाला होता. आता नुसता दाराकडे बघत राहिला.

दारात दावीद साळवे उभा होता. राहणारा नायगावचा, योहानच्याच गोदामात सुपरवायझर. त्याची तीन वर्षांची एस्तेर आमच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर होती. परळच्या या हॉस्पिटलच्या ब्लड बँकेत मी टेक्निशियन म्हणून आयुष्य काढलं. ही गोष्ट रिटायर होण्याच्या थोडी आधीची.

एस्तेरच्या हृदयात जन्मापासून भोक होतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद. रडली की निळी पडायची. ओठ आणि नखं अगदी जांभळाच्या रंगाची. आई तिचे गुडघे पोटाशी दाबून धरायची, मग हळूहळू रंग परत यायचा. हल्ली तो परत यायला फार वेळ लागायला लागला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिलीच केस. ऑपरेशन चालू असताना हृदयाचं काम मशीन करतं, आणि लहान पोरांच्या वेळी त्या मशीनसाठी आमच्या सर्जनना ताजं रक्त लागायचं. फ्रीजमधलं जुनं नको. त्यांनी दोन पिशव्या मागितल्या होत्या. गट बी निगेटिव्ह. हा गट शोधताना माणसाच्या चपला झिजतात.

खुद्द दावीदचा गट तोच. पण बापाचं रक्त पोराला आम्ही देत नाही. जवळच्या नात्यातलं रक्त कधी कधी अंगावर उलटतं.

"म्हणजे माझा काहीच उपयोग नाही?" हे सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं होतं.

"डोनर आणा. तोच उपयोग," मी म्हटलं होतं.

त्यानं रविवारी चर्चमध्ये उभं राहून विचारलं, आणि त्या गटाची तीन माणसं मिळाली. योहान, शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आणि एक बस कंडक्टर. आता योहान आडवा झाल्यावर राहिले दोन. आणि पिशव्याही दोनच हव्या होत्या.

"दावीद, खरं सांगा. यानं खाल्लंय का?"

"नाही, मॅडम. काल दुपारपासून. पाणी पण नाही."

"आणि हे दोघं?"

त्यानं मान खाली घातली. "आमची सगळी मंडळी उपास-प्रार्थनेत आहे. एस्तेर थिएटरमधून बाहेर येईपर्यंत."

"अहो, मग सांगायचं ना!"

"आमच्यात उपास लोकांना दाखवायचा नसतो. तोंड धुवायचं, डोक्याला तेल लावायचं, चारचौघांसारखं वावरायचं. कुणी विचारलंच तर विषय बदलायचा."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. चापूनचोपून बसवलेले केस, कडक इस्त्रीचे कपडे. सकाळी मला वाटलं होतं, काय टापटीप माणसं आहेत! मी लालबागची. आमच्याकडे उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर्स, दुपारी केळं. एकादशी अन् दुप्पट खाशी. पाण्याशिवायचा आणि वर लपवलेला उपास माझ्या डोक्यात येणार कुठून?

तेवढ्यात आमचे साहेब, कर्णिक सर, आत आले.

"ही अर्धी पिशवी टाकून द्यावी लागणार, माहितेय ना?"

"माहितेय, सर." पिशवीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते पूर्ण पिशवीच्या मापाचं. अर्ध्या रक्ताला ते जास्त होतं.

"सर्जनचा फोन होता. संध्याकाळपर्यंत दोन पिशव्या टेस्ट होऊन तयार नसतील तर उद्याची केस कॅन्सल. पुढची तारीख पुढच्या आठवड्यात."

"सर, पोरगी तोवर..."

"ते मला कशाला सांगतेस? डोनर उभे कर."

मी दोघांना सांगितलं, पोटभर खा, पाणी प्या, मग या. शाळेच्या बाईंनी कोपऱ्यातल्या बाकाकडे पाहिलं. कंडक्टरनंही तिकडेच पाहिलं. बाकावर दावीदची आई बसली होती. उपास तिनं पुकारला होता.

"आजी, यांना खायला सांगा."

"शब्द दिलाय, बाई."

"कुणाला?"

"ज्याच्या हातात पोर आहे, त्याला."

मी चिडले. माझा स्वभावच तसा. "आणि रक्ताचा शब्द मला दिलाय, त्याचं काय? उद्या पोर टेबलावर जायला नको?"

म्हातारी आवाज न चढवता म्हणाली, "तिची आई वर तिला धरून बसलीय. तिच्या बापाचं रक्त तुम्हाला चालत नाही. माझं तर कोण विचारणार. पोरीसाठी करण्यासारखं आमच्याजवळ एवढंच होतं. तेही सोडा म्हणता?"

मी दावीदकडे वळले.

दावीद आईच्या पुढ्यात उकिडवा बसला. "आई, एस्तेरसाठीच धरला ना आपण? मग तिच्यासाठीच सोडू. तो रागावणार नाही गं."

आजीनं डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. कॉटवरच्या योहाननंही. मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून मी कापसाचा बोळा धरून तशीच उभी राहिले. प्रार्थना बरीच लांबली. मध्येच तिचा आवाज फुटला, पुन्हा लागला. मग सगळे "आमेन" म्हणाले.

"कँटीन कुठंय?" आजीनं विचारलं.

मीच घेऊन गेले. योहानला तिथंच सरबत पाजायला सिस्टरला सांगितलं. कँटीनमध्ये उसळ-पाव आला. आजीनं पाव हातानं मोडला आणि दोघांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला. कुणी तोंडात घालेना. बाई रडायला लागल्या.

"खा गं," आजी म्हणाली. "हेही त्यानंच दिलंय."

दोघं खायला लागले. मी एक प्लेट आजीकडे सरकवली. तिनं ती परत माझ्याकडे सरकवली.

"मी कुठं रक्त देणार आहे? माझा चालू आहे."

दावीदनंही समोरचा पाण्याचा ग्लास बाजूला केला.

अन्न अंगी लागेपर्यंत दोघांना बसवून ठेवलं. मग रक्त घेतलं. दोन्ही पिशव्या नीट भरल्या, टेस्ट निर्धोक आल्या, पोरीच्या रक्ताशी जुळल्या. संध्याकाळी कर्णिक सरांनी वर कळवलं, "रक्त तयार."

ऑपरेशन झालं. पुढचे दिवस वाईट गेले. एस्तेर व्हेंटिलेटरवरून निघेना, तिला ताप चढला. आमच्या खिडकीवरचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायचे. मग एका सकाळी दावीद खिडकीशी आला. त्यानं मोबाइल पुढे धरला. फोटोत फक्त एक इवलासा हात होता. नखं गुलाबी. मी खिडकीतच रडले, त्याच्या मागे रांग होती तरी.

"आजींनी उपास कधी सोडला?" मी विचारलं.

"थिएटरचं दार उघडलं तेव्हा. अर्धा कप चहा."

त्यानंतर मी डोनरला "जेवलात का?" विचारणं बंद केलं. "काय जेवलात?" असं विचारायला लागले. भाजी म्हणाला तर कसली भाजी, तेही. देवाला भिणारा माणूस विषय बदलेल, पण न खाल्लेल्या मेथीचं नाव घेणार नाही.

काही महिन्यांनी दावीद एकटाच आला आणि बाही वर करून कॉटवर आडवा झाला.

"कुणाच्या तरी पोराला चालेल ना माझं, मॅडम?"

"चालेल की."

मी पुढचं विचारायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "मटकीची उसळ, दोन पाव. आईनं समोर बसून खायला लावले."