हवेतनं येणारं वजन

माधवनगरच्या संयोगिताबाई वजनकाटे दुरुस्त करायच्या. कुणी शंका घेतली तरी त्यांना राग येत नसे. मला ते कधीच जमलं नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या गळीत हंगामात आमच्या साखर कारखान्याने त्यांना बोलावलं. मी फाटकावर कामाला होतो. काट्यापासून ऑफिसातल्या कॉम्प्युटरपर्यंत जमिनीतून गेलेली वायर उसाच्या ट्रॉल्यांखाली सारखी तुटायची. बाईंनी वायर काढूनच टाकली. काट्याला रेडिओचा एक डबा जोडला, कॉम्प्युटरला दुसरा, आणि दोन्हीकडे अँटेना उभी केली. वजन बिनतारी जाऊ लागलं.

पण ऊसवाले अडून बसले. त्यांच्यातले म्हातारे आकारामआबा म्हणाले, "वजन हवेतनं जातंय, म्हंजी वाटंत कोण खात न्हाई कशावरनं?"

माझं डोकं फिरलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, तुम्ही सगळे काट्यावर उभे राहा. इथला आकडा तुम्ही बघा. ऑफिसात दिसेल तो कारकून कर्ण्यावरून सांगेल."

आठ-दहा जण चढले. आकडा जुळला. आबांनी हळूच दोघांना खाली उतरवलं, तसा कर्ण्यावरचा आकडाही उतरला.

आबांनी मान डोलावली. "हवा इमानदार हाय. आता काटा बघू."

आम्ही कारखान्याची माणसं एकमेकांकडे बघू लागलो. बाईंनी मात्र टेम्पोतली सरकारी शिक्क्याची वजनं आधीच उतरवून ठेवली होती.